त्याच्या वतीने, त्याच्या नकळत

माझा धाकटा भाऊ दहावीत होता तेव्हा त्याला वाटायला लागलं की आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय. आधी शाळेच्या डब्यात, मग घरच्या आमटीत. तो ताटाचा वास घ्यायचा, आईला पहिला घास खायला लावायचा. रात्री पंखा बंद करून भिंतीला कान लावून बसायचा. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतायत याची त्याला खात्री होती. दोन महिन्यांत त्याचं वजन सात किलोंनी उतरलं.

त्यानंतर आईने त्याच्या चहात खरोखरच औषध मिसळायला सुरुवात केली.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. सुरुवातीला अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून दिलं, मग काकांच्या आग्रहाने देवऋषी झाला, लिंबं उतरवून झाली. शेवटी बाबांनी धीर करून जिल्ह्याच्या ठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ गाठले. भाऊ यायला तयार नव्हता, म्हणून बाबा एकटेच गेले. डॉक्टरांनी मुलाला न बघताच, बाबांचं ऐकून घेऊन रिस्पेरिडोनचं पातळ औषध लिहून दिलं. रंग नाही, वास नाही, कळणार नाही, चहातून द्या म्हणाले. आईने मला फोन केला. मी म्हणाले, "दे." घरात माणसं चार. तिघांनी मिळून चौथ्याचं ठरवलं.

औषध लागू पडलं हे आधी कबूल करायला हवं. दुसऱ्या आठवड्यापासून तो झोपायला लागला. चौथ्या आठवड्यात त्याने भिंतीला कान लावणं सोडलं. आईने तेव्हा ते दिलं नसतं तर तो पुढे कुठल्याच डॉक्टरसमोर बसला नसता, असं मला आजही वाटतं. त्यामुळे तिने केलं ते चूक होतं असं एका दमात म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

पण त्याची किंमतही होती. पाचव्या आठवड्यात घरी गेले तेव्हा सवयीने औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, हे द्रावण चहात किंवा कोलामध्ये मिसळू नये. आम्ही महिनाभर तेच करत होतो. शिवाय तो कधी अर्धाच कप प्यायचा, कधी बेसिनमध्ये ओतून टाकायचा. त्याच्या पोटात नेमकं किती जातंय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच सुमारास त्याच्या पायांना चैन पडेनाशी झाली. एका जागी बसवेना, घरभर येरझाऱ्या. औषधाचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. आपण औषध घेतोय हे ठाऊक असलेला माणूस डॉक्टरांना सांगतो, मग डोस बदलता येतो. माझ्या भावाला ठाऊक नव्हतं. त्याने त्याच्या परीने अर्थ लावला: विष अंगात भिनतंय.

आणि तो अर्थ आमच्या स्पष्टीकरणांपेक्षा सत्याच्या जवळ होता. संशयाच्या आजारात माणसाला स्वतःच्या मनाची साक्ष भरवशाची वाटेनाशी होते. अशा वेळी बाहेरचं एक तरी माणूस असं लागतं, ज्याला विचारून खात्री करता येईल. तो आईला विचारायचा, "यात काही आहे का गं?" आई म्हणायची, "नाही रे राजा." त्याच्याजवळ पडताळून बघायची तेवढी एकच जागा उरली होती आणि आम्ही तीच खोटी केली होती.

खोटं बोलण्याच्या प्रश्नावर कांटने 1797मध्ये एक छोटा निबंध लिहिला. दारात खुनी उभा राहून घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत असला, तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये, हे त्याचं म्हणणं. बहुतेकांना ते अमानुष वाटतं, मलाही वाटतं. पण त्या उदाहरणात खोटं खुन्याशी बोलायचं असतं. आमच्या घरात ज्याला वाचवायचं होतं आणि ज्याला फसवायचं होतं, तो मुलगा एकच होता. मला त्यापेक्षा महाभारतातला युधिष्ठिर जवळचा वाटतो. अश्वत्थामा मेल्याचं त्याचं अर्धसत्य कामी आलं, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. पण तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. खोटं उपयोगी पडलं म्हणून ते फुकट पडलं असं होत नाही.

मग करायचं काय? आजारी मुलाच्या मर्जीवर सगळं सोडून द्यायचं? पंधरा वर्षांच्या मुलाबाबत कायदाही तसं म्हणत नाही. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांनाच त्याचे प्रतिनिधी मानतो. दाखल करायची वेळ आली तर मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं, पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहावं, असंही तो सांगतो. म्हणजे त्याच्या वतीने ठरवण्याचा अधिकार आईबाबांना होताच. आमची गल्लत झाली ती इथे. त्याच्या वतीने ठरवणं आणि त्याच्या नकळत करणं या दोन गोष्टी आम्ही एकच समजलो. "तुला पटत नसलं तरी हे औषध आम्ही तुला देणार आहोत" असं म्हणणं कठोर आहे, पण ते त्याच्या तोंडावर म्हटलेलं असतं. त्याला चिडता येतं, भांडता येतं. चहातल्या थेंबांशी भांडता येत नाही.

अर्थात हे पुण्यात बसून म्हणणं सोपं. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, घरी येऊन बघणारं कुणी नाही, आणि मुलगा गाडीत बसत नाही. समोर दुसरी वाटच नसते तेव्हा आई चमच्याने थेंब मोजते. मदत जितकी लांब, तितकं खोटं जवळचं. म्हणून हा प्रश्न एकट्या आईच्या नीतीचा आहे असं मला वाटत नाही.

आम्हाला वाट सापडली ती पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे. पायांची तगमग थांबवायला म्हणून तो यायला तयार झाला. डॉक्टरांनी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं आणि मग आम्हाला बाहेर सांगितलं, "त्याला खरं सांगा. आजच. मी सोबत बसतो." सांगितलं आईनेच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला बरोबर कळत होतं."

त्यानंतर अकरा दिवस तो घरचं काही जेवला नाही. केळी आणि स्वतः सोललेली उकडलेली अंडी, एवढंच. आई रोज ताट वाढायची आणि रोज उचलायची. बाराव्या दिवशी तो म्हणाला, गोळी घेईन, पण पाकीट माझ्याकडे राहील आणि मेडिकलमधून मीच आणीन. डॉक्टरांनी मोजणीची वही ठेवायला सांगितली. मधे दोनदा त्याने गोळ्या सोडल्या, एकदा आजार उलटला. त्या वेळीही चहाचा विषय कुणी काढला नाही. बाबा त्याला घेऊन दवाखान्यात राहिले.

आईला बळ मिळालं ते पुण्यात अशा कुटुंबांसाठी चालणाऱ्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात. तिथे एका बाईंनी स्वतःहून सांगितलं की त्यांनी तीन वर्षं वरणातून औषध दिलं. आई त्या दिवशी पहिल्यांदा यावर मोकळेपणी बोलली. ठाण्याला आयपीएच आहे, आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर आता मराठीतूनही बोलता येतं. मुलगा यायला तयार नसेल तरी आधी आपण फोन करावा. औषध चोरून कसं द्यायचं हे विचारण्याऐवजी, त्याला दवाखान्यापर्यंत कसं आणायचं हे विचारावं. त्याला झोप येत नसेल, पाय दुखत असतील, तर तिथूनही सुरुवात होते.

भाऊ आता एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने कायद्याप्रमाणे स्वतःचा प्रतिनिधी नेमला. आईला नाही, मला नाही, बाबांना. कारण विचारायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही. हा लेख त्याने वाचला आहे. एक परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला.

आई अजूनही त्याच्या कपातला पहिला घोट स्वतः घेते आणि मग कप त्याच्या हातात देते. तो तिला घेऊ देतो.