तिथलं गाणं फुकट नसतं

चि. सोनूस,

कंपनीच्या परिषदेसाठी न्यू ऑर्लिन्सला चालली आहेस आणि हॉटेल ऐन बर्बन स्ट्रीटवर घेतलंयस, हे तुझ्या बाबाने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं. बदलता येत असेल तर आजच बदल. बाल्कन्यांखाली मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तारस्वरात गाणारे पर्यटक आणि सांडलेल्या दारूचा आंबूस वास, एवढं अनुभवायला अर्धा तास रग्गड झाला. तो अर्धा तास मात्र जरूर काढ. पेला हातात घेऊन रस्त्याने हिंडायला तिथे मुभा आहे, फक्त तो काचेचा नको. कुणी अडवून म्हणालं, ‘तुमचे बूट कुठले ते मी अचूक ओळखतो, लावा वीस डॉलरची पैज,’ तर हसून पुढे हो. उत्तर ठरलेलं आहे: ‘बर्बन स्ट्रीटवरचे, तुमच्या पायातले!’

तिथून एस्प्लनेड अव्हेन्यू ओलांडली की फ्रेंचमेन स्ट्रीट लागतो. संध्याकाळी तिकडे जा. गाणं चालतं अशा बऱ्याच ठिकाणी आत जायला तिकीट नसतं. एखादं पेय घ्यायचं (साधा सोडाही चालतो) आणि ऐकत बसायचं. दोन गाण्यांच्या मधे वादकांपैकीच एकजण बादली फिरवतो. त्या बादलीकडे पाहून मोबाइलमध्ये डोकं घालणारे आपले लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. तिथल्या कोपऱ्यावर पोरांचा एक ब्रास बँड वाजत होता. ट्यूबा वाजवणारा मुलगा घामाने निथळत होता. गाणं संपलं की नळीत साचलेलं पाणी फुटपाथवर झटकायचा, ओठ पुसायचा आणि पुन्हा सुरू. समोर पुठ्ठ्याचा खोका उघडा ठेवलेला. एका गृहस्थाने अख्खं गाणं चित्रित केलं, अंगठा उंचावून दाखवला आणि निघून गेला. अंगठ्याने घरभाडं भरता येत नाही, सोनू. खिशात सुट्या नोटा ठेव.

एक संध्याकाळ प्रिझर्वेशन हॉलसाठी ठेव. १९६१ पासून तिथे जुन्या वळणाचा जॅझ चालू आहे. जुनाट खोली, लाकडी बाकं, खाणंपिणं काही नाही. मैफल तासाभराच्या आतच आटोपते. बाकावर जागा मिळाली नाही तर खाली बस. वादकाच्या बुटांची ठेका धरणारी टाच तिथूनच दिसते.

मग रविवार मोकळा असेल तर ट्रेमे नावाच्या वस्तीत जा. लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेत काँगो स्क्वेअर आहे. गुलाम आफ्रिकी माणसं रविवारी दुपारी तिथे जमून ढोल वाजवत, नाचत, भाजीपाला विकत. १८१७ मध्ये नगर परिषदेने त्यांच्या जमण्यावर निर्बंध घातले. जमायचं ते नेमून दिलेल्या एकाच जागी. यादवी युद्धाआधी अमेरिकेतला गुलामांचा सर्वांत मोठा बाजार याच शहरात भरत होता. सॉलोमन नॉर्थअपला, जन्मतः स्वतंत्र असलेल्या माणसाला, पळवून आणून १८४१ मध्ये इथेच विकलं. हे ठाऊक नसेल तर तिथला आनंद नुसता मौजेचा वाटतो, आणि असा समज घेऊन परतणं हा त्या लोकांवर अन्याय आहे. (जाता जाता: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकडचे मुस्लिम फेरीवाले चिकनकामाचं कापड विकायला येऊन याच ट्रेमेत राहिले, काहींनी तिथल्या कृष्णवर्णीय मुलींशी संसार थाटले. परिषदेतल्या देशी मंडळींना सांग.)

रस्त्यात मिरवणूक भेटली तर पुढे घुसू नकोस. पुढचा मान बँडचा आणि मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचा. मागून नाचत येणाऱ्यांत कुणीही सामील व्हावं. अंत्ययात्रा असेल तर मात्र कडेला थांब आणि मोबाइल पर्समध्ये टाक. जाताना संथ सूर असतात, निरोप देऊन झाला की नाच. त्या नाचात कुणी बोलावलं तरच जा.

खाण्याचं थोडक्यात. तू शाकाहारी, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचार. लाल राजमा-भात सोमवारचा पदार्थ, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. गंबोत भेंडी दिसली म्हणून हुरळू नकोस. मैदा तेलात तपकिरी होईपर्यंत परतून केलेल्या त्या रश्शात कोळंबी, कोंबडी, सॉसेज यांतलं काहीतरी जवळजवळ नेहमीच असतं. कॅफे दु मोंदचे पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये आणि चिकोरीची कॉफी निर्धास्त घे. काळा ड्रेस मात्र त्या दिवशी घालू नकोस.

आता महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते आपल्या घरात अजून निघतं. त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आलं. पण शहर बुडालं ते नुसत्या वादळाने नव्हे. पूर अडवायला बांधलेल्या भिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. बचाव पथकं तपासलेल्या प्रत्येक घरावर रंगाने मोठी फुली मारत: एका कोनात तारीख, एकात पथकाचं नाव, खालच्या कोनात आत सापडलेल्या माणसांचा आकडा. काही घरमालकांनी ती फुली मुद्दाम ठेवली आहे. तशी दिसली तर तिच्यासमोर सेल्फी काढू नकोस.

ज्यांच्याकडे गाडी नव्हती, असे पुष्कळजण तेव्हा शहरात अडकले. वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, तुझी परिषद ऑक्टोबरात. निघण्याआधी आठवडाभर रोज हवामानाचा अंदाज बघ, आणि शहर सोडा असा हुकूम निघाला तर परिषद, साहेब, परतीचं तिकीट कशाचाही विचार न करता पहिल्या मिळेल त्या गाडीने बाहेर पड.

तुझी,
आत्या