वर्गाकडे पाठ

दार लोटून घ्या आणि बसा. काल जे घडलं ते मी चारचौघांत बोलणार नाही. तुम्ही मात्र त्या पोराला चव्हाट्यावर नेलंत. सातवीतलं पोर वाचताना अडखळतंय, मागे वर्ग खिदळतोय, आणि त्याचा व्हिडिओ तुमच्या स्टेटसवर, खाली 'आमचे भावी कलेक्टर'! शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 परीक्षेत तुम्ही बिनचूक लिहिलं होतं. त्यात शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक छळालाही मनाई आहे. ते कलम काय फक्त छडीवाल्या जुन्या मास्तरांसाठी लिहिलंय?

वर्ग आवरत नव्हता म्हणता. कसा आवरेल? पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली पहिली अकरा मिनिटं तुम्ही वर्गाकडे पाठ करून प्रोजेक्टरची वायर खुपसत होता. मागच्या बाकावर दोघं हातघाईवर आले, तुम्हाला पत्ता नाही. मग लाईट गेली आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात. अहो, विषय कोणता होता? वनस्पतीचं मूळ! कुंपणापलीकडे पऱ्हाटीचं वावर आहे. पऱ्हाट्या उपटून तळहाताला फोड आलेली पोरं तुमच्यासमोर बसली होती. एक पऱ्हाटी मुळासकट मागवली असती, तर सोटमूळ कसं असतं ते त्यांनीच तुम्हाला सांगितलं असतं, आणि भांडायला कुणाला उसंत मिळाली नसती.

ऑक्टोबर 1937 मध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीने आराखडा केला: सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती गुंफलेलं. हे टिपण तुम्हाला तोंडपाठ आहे. सेवाग्राम इथून आठेक किलोमीटर, पण तिथली आनंद निकेतन शाळा पाहायला तुमची पावलं एकदाही वळली नाहीत. हाताला काम असलं की वर्ग कसा स्थिरावतो, हे टिपणात दिसत नाही.

मी मोबाईलची वैरी नाही. पुस्तकातला क्यूआर कोड उघडा, दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ दाखवा, जरूर दाखवा. पण वायर तास सुरू व्हायच्या आधी लागलेली हवी. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा हवा, आणि तो चालू असताना तुम्ही वर्गाच्या मागे उभे हवेत. बंद पडला तर पुढे काय करायचं, ते पाठ टाचणात हवं. स्वतःच्या टाचणात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या तुमच्या टाचणावर तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शाळेचं नाव आहे!

स्टेटसवरचा तो व्हिडिओ आत्ता, माझ्यासमोर काढा. ज्या ग्रुपवर गेलाय तिथूनही. संध्याकाळी त्या पोराचे वडील वावरातून परतले की त्याच्या घरी जा आणि बापलेक दोघांची माफी मागा. शुक्रवारी तोच पाठ, त्याच वर्गावर. प्रोजेक्टर मिळणार नाही. पऱ्हाटी त्या पोरालाच आणायला सांगा.