दुसरी खेप

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही वाटणी आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून चालते. पहिल्या खेपेला सातव्यात डोहाळजेवण होतं, फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवून फोटो काढतात, काय खावंसं वाटतंय ते विचारायला मावश्या-आत्यांचे फोन येतात. दुसऱ्या खेपेला झालंच तर घरातल्या घरात ओटी भरतात. यात कुणाचा दुष्टावा नसतो. ‘तिला आता सगळं माहीत आहे’ एवढाच सगळ्यांचा समज असतो. पण पहिल्या वेळी तिला दुपारी आडवं होता येत होतं. आता दुपारवर दीड-दोन वर्षांच्या एका माणसाचा ताबा असतो आणि त्याला मळमळ, पाठदुखी यातलं काही मान्य नसतं.

डॉक्टर सांगतात, वजन उचलू नका. हे दहा-अकरा किलोंचं वजन स्वतःच हात वर करून ‘घे’ म्हणत समोर उभं राहतं. दुसऱ्या खेपेला पोट लवकर दिसू लागतं, बाळाची हालचालही लवकर कळते. कडेवर थोरलं आणि पोटात धाकटं, दोघांचा भार त्याच कमरेवर. अशा बाईला ‘आराम कर’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. तिचा आराम दुसऱ्या कुणाच्या तरी श्रमातूनच येऊ शकतो, आणि हा दुसरा कोण, यावर सगळे गप्प असतात.

थोरलं अंगावर पीत असेल तर प्रश्न आणखी वाढतो. पोटुशीचं दूध मुलाला बाधतं, असं जुन्या बायका म्हणत. कारण चुकीचं होतं. प्रकृती ठीक असेल तर गरोदरपणात पाजायला सहसा हरकत नसते, फक्त दूध आपोआप कमी होतं. पण पाठचं येऊ घातलं की थोरलं वाळतं, हे त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, पाय सुजलेल्या, कातडी सोललेल्या मुलांच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाठच्या भावंडामुळे आईच्या दुधावरून उठवलेली आणि नुसत्या मक्याच्या पेजेवर वाढवलेली ती मुलं होती. बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते आईसाठी आणि दोन्ही मुलांसाठी. शहरात मात्र तिशी उलटल्यावर पहिलं झालेल्या जोडप्याला घड्याळ वेगळंच सांगतं. ‘एका दमात दोन्ही उरकून घ्या’ हा सल्ला देणारेही पुष्कळ.

सरकारी हिशेबही पाहू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसऱ्या वेळी ६,०००, पण मुलगी झाली तरच आणि तेही जन्मानंतर. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण ज्या महिन्यांत बाईला अंडी-दूध हवं आणि थोरल्याला सांभाळणारं कुणी हवं, त्या महिन्यांत हातात काही पडत नाही. अंगणवाडीत बसायचं वय तीन वर्षांनंतरचं. त्याआधीच्या मुलासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, पण त्याला कुणी सांभाळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, हे कायद्यात आहे. ज्यांना मालकच नाही किंवा असून नसल्यासारखा आहे, त्यांना त्याचा काय उपयोग?

दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला निघणारी जोडपी बघा. नवराबायको मिळून एक कोयता. उचल दोघांवर घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात. शाळेच्या वयाचं पोर गावात, हंगामी वसतिगृहात राहू शकतं. दोन वर्षांचं राहू शकत नाही. ते फडावर येतं आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातली आई मोळ्या बांधते तेव्हा बांधावर पाचटात बसून राहतं.

यावर एकत्र कुटुंबाची आठवण काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे मूल सांभाळायला माणसं होती, पण अनेकदा ते माणूस म्हणजे शाळेतून काढलेली आठ वर्षांची थोरली बहीण असे. बाप त्या यादीत कधीच नव्हता. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एकच.

‘तो माझ्याकडे येतच नाही, त्याला आईच लागते’ असं सांगणारे बाप पुष्कळ भेटतात. रात्री ज्याच्या कुशीत झोपायची सवय, त्याच्याकडेच मूल जाणार. सवय बदलायची तर बाळ यायच्या आधी, चौथ्या-पाचव्या महिन्यातच बदलायला हवी. नाहीतर थोरल्याला आईही दुरावते आणि तीही नेमकी बाळ घरात आलं त्याच दिवशी. बापाने शेजारी झोपायला सुरुवात केली की काही रात्री घर डोक्यावर घेतलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजी दारात येऊन म्हणते, ‘अरे, दे तिच्याकडे, किती रडवशील?’ आणि बहुतेक बाप देतात.