पाण्याकाठचे पाच गुंठे

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं मित्र पुण्याहून भंडारदऱ्याला गेलो. सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि तिघांच्याही मनात एकच विचार आला: इथं आपली जागा पाहिजे. पावसाळ्यातला गढूळपणा तोवर खाली बसलेला असतो. पाणी इतकं नितळ, की गुडघाभर खोलीतले दगड मोजता येतात. पलीकडे रतनगड, मोबाइलला रेंज नाही. आमच्या धंद्यात रेंज नसणं ही चैन आहे.

पोहे संपेपर्यंत हिशेबही झाला. पाच गुंठे, तिघांत वाटून. एक छोटं लाकडी घर, एक कयाक, दर महिन्याला एक शनिवार-रविवार. बोनसमध्ये बसत होतं.

दुपारी एजंट भेटला. त्यानं मोबाइलवर सातबारा दाखवला. खातेदार आदिवासी. मी तिथं थबकलो, तर तो म्हणाला, "होतंय हो सर, टेन्शन नका घेऊ. साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ. नाव यांचंच राहील, ताबा तुमचा."

म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली कलम 36अ आलं. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती द्यायच्या आधी त्यांना राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. सावकारानं थोड्याशा कर्जात डोंगरातली शेतं गिळली, त्या अनुभवातून आलेला हा नियम. एजंट आम्हाला त्याला वळसा घालायला सांगत होता.

"हे चुकीचं आहे" असं म्हणून मी उठलो असतो, तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. पण तेवढ्यात मालक बोलले. साठीचे गृहस्थ. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, फी थकलेली. शेतात पावसाचं भाताचं एक पीक, तेही घरात खाण्यापुरतं. ते म्हणाले, "साहेब, जमीन माझी हाये. मला इकायची हाये. मग सरकार मधी का येतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा पुण्यातला फ्लॅट मी उद्या विकला, तर कुणी मला 'तुला कळत नाही' म्हणणार नाही. मग त्यांनाच का?

परतताना गाडीत वाद झाला. एक मित्र म्हणाला, "आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल. आपण निदान भाव तरी चांगला देऊ." मी दोन दिवस त्याच्याच बाजूनं विचार करत होतो. मग लक्षात आलं, की आम्ही सगळे भावाबद्दल बोलतोय, आणि भाव कसा ठरला ते कुणी विचारतच नाही. त्यांना पैसे मार्चच्या आत हवे होते. आम्हाला जागा कधीही चालली असती. ज्याला थांबता येतं आणि ज्याला थांबता येत नाही, अशा दोघांमध्ये ठरलेला भाव दोघांच्या संमतीचा असतो, पण दोघांच्या मर्जीचा असतोच असं नाही. शिवाय ज्या कागदावर आमची भिस्त होती तो कोर्टात टिकला नसता. म्हणजे आमचा ताबा त्यांच्या गप्प बसण्यावर उभा राहिला असता. शेजारी म्हणून राहायला जायचं आणि शेजाऱ्यानं गप्प राहावं ही अट घालायची!

दुसरी गोष्ट मला घरी गेल्यावर सुचली. आमचं गाव श्रीरामपूरजवळ. आजोबांचा ऊस प्रवरेच्या कालव्यावर. ते पाणी भंडारदऱ्याचं. हे धरण 1926 साली पूर्ण झालं, मुंबई प्रांताच्या तेव्हाच्या गव्हर्नरांवरून त्याला विल्सन डॅम म्हणायला लागले. पर्यटक ज्याला आर्थर लेक म्हणतात, ते तळं नाहीच, ते साठवून ठेवलेलं पाणी आहे, सुमारे 11 टीएमसी. नदीतून खाली येतं, ओझरच्या बंधाऱ्यावर कालव्यांत वळतं आणि आमच्या उसाला मिळतं. त्या उसावर माझी इंजिनीअरिंगची फी भरली गेली. वरच्या खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली, म्हणून खालची हिरवी झाली. आता उरलेला काठही मीच घ्यायचा, ही दुसरी खेप झाली असती.

जॉन लॉकनं सतराव्या शतकात मालकीला एक अट घातली होती: तुम्ही घ्या, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक ठेवा. काठाच्या बाबतीत ही अट पाळताच येत नाही. काठ एकच असतो. मी कुंपण घातलं, की गुराख्याची वाट गेली. स्वीडनमध्ये तळीच तळी आहेत, आणि तिथं दुसऱ्याच्या रानातून चालायचा, तळ्यात पोहायचा हक्क सगळ्यांना आहे. 1994 पासून तो राज्यघटनेतही आहे. काठापासून साधारण 100 मीटरपर्यंत सहसा नवं बांधकाम करू देत नाहीत. म्हणजे आनंद घ्यायला मालकी लागत नाही. मालकी लागते ती दुसऱ्याला अडवायला.

आम्ही जागा घेतली नाही. पण म्हणून मी चांगला ठरलो, असं मला वाटत नाही, कारण फी तशीच थकलेली होती. आम्ही मालकांना सांगितलं: वर्षातले आठ शनिवार-रविवार तुमच्याकडेच उतरू, जेवण घरचं, भाडं बाजारभावानं, आणि वर्षाचे सगळे पैसे आत्ताच. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "फी भागंल. पुढच्या साली?" पुढच्या सालचं माझ्याकडे उत्तर नाही. कायदा त्यांची जमीन वाचवतो, पण ती टिकवायला लागणारे पैसे देत नाही. तो खड्डा आमच्या आठ शनिवारांनी भरणारा नाही.

मे महिन्यात काजवे बघायला गेलो, तेव्हा पाणी बरंच खाली उतरलं होतं. आम्ही ज्या पाच गुंठ्यांचं स्वप्न पाहिलं होतं तिथून काठ दूर गेला होता. मधल्या चिखलात एक पोरगा म्हशी घेऊन उतरला, पाण्यात शिरला, मनसोक्त डुंबला. त्याला कुणी विचारलं नाही, की ही जागा कुणाची.