थंडी वाजायची थांबते तेव्हा

मराठीत थंडी वाजते. हिंदीत ती लागते आणि इंग्रजीत तर माणूस स्वतःच थंड असतो. आम्हा जबलपूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजारामुळे 'थंडी लागते' असंही सर्रास म्हटलं जातं, पण मला 'वाजते' हेच क्रियापद नेमकं वाटतं. व्युत्पत्ती काहीही असो, त्यात दात वाजल्याचा आवाज आहे आणि घंटेचाही. थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगवरची एक सुरक्षा-पुस्तिका मराठीत आणताना या क्रियापदाची किंमत मला कळली. त्या पुस्तिकेचा सगळा रोख एकाच गोष्टीवर होता: ही घंटा वाजायची थांबली की खरा धोका सुरू होतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. वीस अंशांची हवा सुखद वाटते. त्याच तापमानाच्या पाण्यात उघड्या अंगाने स्वस्थ राहिलं तर माणूस तासाभराच्या आत कुडकुडतो. पाणबुड्याचा निओप्रीनचा पोशाख त्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे ऊब धरतो. पण दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात आणि पोशाख पातळ होतो. म्हणजे पाणी जिथे अधिक गार, तिथेच पांघरूण अधिक विरळ. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला स्नायू कुडकुडून स्वतःच उष्णता तयार करतात. आणखी तीनेक अंश उतरले की कुडकुडणं मंदावतं आणि मग थांबतं. माणसाला वाटतं, आता बरं वाटतंय. अगदी शेवटी काहींना चक्क उकडू लागतं. थंडीने मेलेली माणसं कधीकधी अंगावरचे कपडे काढून टाकलेल्या अवस्थेत सापडतात.

मात्र विवेक याच्या कितीतरी आधी निसटलेला असतो. बाहेर यायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, त्याची ठरवण्याची शक्तीच आधी गारठते.

म्हणून पुस्तिकेत दोन नियम शेजारीशेजारी होते. पहिला: जोडीतला कोणीही, केव्हाही, कारण न देता डुबकी थांबवू शकतो आणि त्याला नंतर कोणी जाब विचारायचा नाही. दुसरा: गारठलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणाला तर तो पुरावा धरायचा नाही. पहिल्या नियमात थांबण्याचा माझा शब्द अंतिम आहे, दुसऱ्यात चालू ठेवण्याच्या माझ्या शब्दाला किंमतच नाही. अनुवादाला दोन्ही वाक्यं सोपी होती. पण दुसऱ्यापाशी मी बरेच दिवस अडून बसले. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाचा शब्द खोटा मानायचा अधिकार आपल्याला कोण देतं?

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे ओडिसियस आठवतोच. सायरेनांचं गाणं ऐकायचं म्हणून तो स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि सोबत्यांना बजावतो की मी सोडा म्हणालो तर दोर आणखी आवळा. आधीच्या 'मी'ने नंतरच्या 'मी'चं तोंड बंद करून ठेवलं. पण ओडिसियसला एक सोय होती. सायरेनांचं बेट दिसत होतं. गाणं कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार, हे त्याच्या नाविकांना कळत होतं. थंडीला असा किनारा नाही. म्हणून पाणबुडे खुणा ठरवून घेतात. अंगठा करंगळीला टेकवता येतो का, हे पाहतात. इंग्रजीत चार यमकी क्रियापदांची एक यादी आहे, तिचं मराठी करायला मला मुळीच कष्ट पडले नाहीत: धडपड, गडबड, पुटपुट, चिडचिड. पाय अडखळतात, हात गोंधळतात, जीभ जड होते आणि माणूस विनाकारण चिडतो. (आपल्या भाषेत अशा शब्दांचा तुटवडा नाही, हे अनुवादकाचं भाग्य.) चिडचिड सगळ्यात महत्त्वाची, कारण 'तू गारठला आहेस' असं सांगणाऱ्यावरच ती पहिल्यांदा निघते.

मिलने १८५९च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये पुलाचं उदाहरण दिलं आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकतो आहे आणि सांगायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. धोका ठाऊक असेल तर मात्र बजावून सांगावं आणि सोडून द्यावं. मूल किंवा भान हरपलेला माणूस अपवाद. गारठलेला पाणबुड्या या अपवादात बसतो, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण हा अपवाद मला सैल वाटतो. 'तुला काय कळतंय' हे वाक्य आपल्याकडे म्हाताऱ्यांना, बायकांना, आजाऱ्यांना इतक्या सहज ऐकवलं जातं की भान हरपल्याचा निवाडा कोणाच्याही हाती द्यायला मन तयार होत नाही. पाणबुड्याच्या बाबतीत मन तयार होतं ते एवढ्याचसाठी की त्याने काठावर, ऊब अंगात असताना, स्वतः तो निवाडा जोडीदाराच्या हाती दिलेला असतो. मिलचा अपवाद नसता तरी हा करार पुरला असता.

आणि नेमका हाच करार मला ग्वारीघाटावर उलटा दिसतो. माघ महिन्यात पहाटे नर्मदेवर वाफ तरंगत असते. हवा एक आकडी तापमानावर आलेली, पाणी तिच्यापेक्षा उबदार, म्हणून 'मैया का पानी तो गुनगुना है' असं म्हणत म्हातारी माणसं उतरतात. हातांना ते खरंच उबदार लागतं आणि फसवणूक तिथेच होते, कारण ऊब ओढून घेण्यात हवा पाण्याच्या जवळपासही येत नाही. त्यांनीही काठावर काहीतरी ठरवलेलं असतं. हातात पाणी घेऊन संकल्प सोडलेला असतो: इतक्या डुबक्या, इतके दिवस, शरीर काहीही म्हणो. पाणबुड्याचा करार सांगतो, मन 'थांब' म्हणालं तरी बाहेर ये. संकल्प सांगतो, शरीर 'चल' म्हणालं तरी आत राहा. दोन्हीकडे आधीचा 'मी' नंतरच्या 'मी'ला गप्प करतो. आजींना मी बाहेर ओढू लागले, तर कोणाचा शब्द मोडते?

मला वाटतं, दोन्ही शब्द सारख्या वजनाचे नाहीत. बाहेर आलेल्याला पुन्हा उतरता येतं. आत राहिलेल्याला आपला संकल्प बरोबर होता की चूक, हे ठरवायला कदाचित वेळच उरणार नाही. पुनर्विचाराला जागा ठेवणारी प्रतिज्ञा आणि ती जागाच बुजवणारी प्रतिज्ञा, यांत मी पहिलीच्या बाजूने उभी राहीन. तरी एक गोष्ट उरते. पाणबुड्याने आपला जोडीदार स्वतः निवडलेला असतो. आजींनी मला निवडलेलं नाही. त्यांचा करार नदीशी आहे. त्यामुळे त्या थरथरत असतील तोवर मी फार तर कोरडी शाल धरून काठावर उभी राहीन. थरथर म्हणजे घंटा अजून वाजते आहे. ती थांबली, जप पुटपुटण्यात विरला, पायरी चुकली, तर मात्र त्यांना विचारत बसणार नाही. हळूच, आडवं धरून, हातपाय न चोळता बाहेर घ्यायचं, ओलं काढायचं, कोरडं गुंडाळायचं. पुस्तिकेत हे सगळं होतं. बाहेर काढल्यानंतरही माणूस कोसळू शकतो, म्हणून त्याला चालवायचं नाही, दारू पाजायची नाही, हेही होतं.

'मी ठीक आहे' या शब्दांवर विसंबू नये, असं मी अखेर लिहिलं. संपादकांनी विचारलं, 'गारठलेल्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये' हे अधिक ठसठशीत नाही का? असेल. पण मला अविश्वास त्या शब्दांवर हवा होता, माणसावर नको होता. वाक्य तसंच ठेवलं आहे.