ताटातून काय काढावे?

अन्न सोडणे ही मनुष्याची फार जुनी रीत आहे. कोणी व्रत म्हणून सोडतो, कोणी शोकामुळे, कोणी वैद्याने सांगितले म्हणून. अलीकडे आपल्या घरांतून याचा एक नवा प्रकार दिसू लागला आहे. काही दिवस ठरावीक पदार्थ अजिबात बंद करावयाचे, कारखान्यात फारशी प्रक्रिया न झालेले साधे अन्नच खावयाचे, आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन आपल्या शरीराला काय सोसते ते पाहावयाचे. काहींना ही निव्वळ श्रीमंती खूळ वाटते, तर काहींना जणू नवी शुद्धी सापडली आहे. सत्य काय आहे, याचा शांतपणे विचार करू या.

मूळ कल्पना डॉक्टरांची आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील डॉ. अल्बर्ट रो यांनी, अन्नामुळे अ‍ॅलर्जी होत असावी असा संशय असलेल्या रोग्यांसाठी असे आहार ठरवून दिले. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने आतड्याच्या त्रासासाठी तयार केलेला आहारही याच पद्धतीचा असून त्याच्या तीन पायऱ्या आहेत : प्रथम दोन ते सहा आठवडे काढणे, नंतर एकेक परत घेणे, शेवटी ज्याला जे सोसते त्याप्रमाणे कायमचा आहार ठरविणे. म्हणजे ही एक तपासणी आहे. तपासणी संपावयाचीच असते.

सर्वसामान्यांत जो प्रकार गाजला तो ‘होल थर्टी’. अमेरिकेत मेलिसा व डॅलस हार्टविग यांनी २००९ साली तो सुरू केला. त्याच्या मूळ नियमांप्रमाणे तीस दिवस साखर, गूळ, मध, दारू, सर्व धान्ये, जवळजवळ सर्व कडधान्ये व दूधदुभते बंद. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय होतो पाहा. ज्वारीची भाकरी गेली, पोळी गेली, वरणभात गेला, दही-ताक गेले, सकाळचा चहा गेला. शेंगदाण्याचे कूटही गेले, कारण शेंगदाणा कडधान्यांत मोडतो. उरले काय? अंडी, मासे, मांस, भाज्या, फळे, नारळ, बदाम-काजू आणि साजूक तूप. गरिबाच्या ताटातील जवळजवळ सारे गेले आणि बाजारात जे महाग तेच राहिले.

या आहाराचे दोन नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मध्येच एक घास जरी चुकीचा गेला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावे. दुसरा असा की, चालणारे जिन्नस वापरूनही बंद पदार्थांची नक्कल करू नये. केळे व अंडे दोन्ही चालतात, पण त्यांचे धिरडे चालत नाही. दुसऱ्या नियमात शहाणपण आहे. नियमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू बुडविण्याची मनुष्याची खोड त्याने ओळखली आहे. पहिला नियमही प्रयोग म्हणून समजण्यासारखा आहे, कारण मध्येच बिघडलेल्या तपासणीतून काही कळत नाही. परंतु तोच नियम मनुष्य स्वतःचा न्याय करण्यासाठी वापरू लागला, तर एकोणतीस दिवसांचा प्रामाणिक प्रयत्न एका घोटभर चहाने शून्य ठरतो. प्रयोग पुन्हा सुरू करावा लागला म्हणून मनुष्य पतित होत नाही, हा फरक मुलांना अवश्य सांगावा.

अशा वेळी आपल्याला दानीएल आठवतो, आणि आठवावाच. पण पहिला अध्याय नीट वाचावा. राजाचे अन्न नाकारताना दानीएलाने आरडाओरड केली नाही. त्याने विनंती केली. ज्या अधिकाऱ्याला त्याने विचारले त्याला भीती होती की, ही मुले रोडावली तर राजा आपले मस्तक घेईल. ती भीती दानीएलाने धुडकावून लावली नाही. त्याने दहा दिवसांची मुदत मागितली, मागणी फक्त आपली व आपल्या तिघा सोबत्यांची केली, आणि परिणाम काय झाला ते पाहण्याचे काम कारभाऱ्याच्याच डोळ्यांवर सोपविले. शिवाय त्याने खाल्ले ते शाकान्न. जुन्या इंग्रजी भाषांतरात तर तेथे कडधान्य असाच अर्थ होतो. म्हणजे दानीएल ज्यावर टवटवीत राहिला, तेच आजच्या तीस दिवसांच्या यादीत वर्ज्य ठरावे! तेव्हा पुण्य पदार्थांच्या यादीत नाही, एवढे तरी यातून निघते.

मग नैतिक प्रश्न कोठे आहे? तो या ठिकाणी आहे : माझ्या वर्जनाचा भार कोणावर पडतो? दानीएलाच्या वेळी तो त्या अधिकाऱ्यावर पडणार होता. आपल्या घरी तो बहुधा आईवर, पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. एकाच चुलीवर दोन स्वयंपाक, महिनाअखेरीस मासळीचा व बदामाचा खर्च, आणि वर “यात साखर घातली का?” अशी उलटतपासणी. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने प्रथम घरातील रांधणाऱ्या व्यक्तीला विचारावे, आणि शक्य तर आपली भाजी आपण चिरावी. शरीराचा संयम जिभेच्या संयमाशिवाय अर्धवटच असतो.

दुसरी धास्ती मोठी आहे. या आहाराची माणसे ‘शुद्ध अन्न’ हा शब्द फार सहज वापरतात. आपल्या देशात या शब्दाला इतिहास आहे. सोवळे-ओवळे, वेगळे भांडे, वरून ओतलेले पाणी, हे सारे याच शब्दाच्या आश्रयाने वाढले. एका पंगतीस बसता यावे म्हणून आपल्या पूर्वजांनी घरदार गमावले. अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पत्रात नमूद आहे. पेत्र काय जेवला, हा तेथे प्रश्नच नव्हता. तो उठून गेला, हा दोष होता.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. आग्रह करणारा नेहमी प्रेमळच असतो असे नाही. एखाद्याला दूध खरोखर सोसत नसता “एवढ्याने काय होते” म्हणून वाटी पुढे सारणे, किंवा प्रीतिभोजनात त्याची थट्टा करणे, हेही बंधुप्रेमाविरुद्ध आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाणाऱ्याला व न खाणाऱ्याला, दोघांनाही बजावतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहार सोडला नाही. तेथील धर्मभगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रांतून आपली बाजू निर्भीडपणे मांडली. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळातील शेकडो मुलींना आपल्या छपराखाली घेतले. ताट वेगळे असूनही मन पंगतीत असू शकते.

तेव्हा ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांना काही सूचना. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असता एकाएकी धान्य बंद केल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. गर्भवती, वाढत्या वयाची मुले, अशक्त वृद्ध, आणि ज्यांना पूर्वी न खाण्याचा मानसिक आजार झाला आहे त्यांनी स्वतःच्या मनाने हे करू नये. गव्हाचा त्रास असल्याचा संशय असेल तर गहू बंद करण्यापूर्वीच रक्ततपासणी करावी, कारण गहू सोडल्यावर सीलियाक हा विकार तपासणीत लपून राहतो. मुदत आधी ठरवावी व लिहून ठेवावी. मुदत संपली की पदार्थ एकेक करून, मध्ये दोन दिवस जाऊ देऊन, परत घ्यावेत. ज्याचा काहीच त्रास झाला नाही तो पदार्थ कृतज्ञतेने पुन्हा ताटात घ्यावा. भीतीपोटी तो दूर ठेवणाऱ्याची तपासणी अपुरी राहिली असे समजावे.

आणि त्या मुदतीत मंडळीचे भोजन आले तर? घरून आपला डबा न्यावा, पण पंगतीतच बसावे, आणि शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यापेक्षा ते भरले आहे की नाही हे पाहावे.