वरचं टोक

परतवाड्यात राहून सागवानाचं कपाट केलं नाही तर नातेवाईक नावं ठेवतात. मेळघाटचा माल, लिलाव इथल्याच डेपोत. वाळलेलं सागवान घनफुटाला 18 किलोच्या आसपास भरतं. माझं कपाट पाच घनफुटांचं, म्हणजे 90 किलो. हा हिशेब मी सुताराकडेच करून ठेवला होता. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

माडीवर चढवायचे हमालानं जोडीदारासकट 400 सांगितले. मी म्हटलं, "जोडीदार कशाला? मी आहे ना. 150 घ्या." तो माझ्याहून वयानं मोठा. मान हलवून म्हणाला, "कोनतं टोक धरता, सर?"

"वरचं."

कपाट आडवं करून तळाकडून धरलं की त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या वर राहतो. जिना चढताना तो खालच्या माणसाकडे सरकतो. सहा फूट लांब, दीड-पावणेदोन फूट जाड, जिना 35 अंशांचा: वरच्याला 36 किलो, खालच्याला 54. तोंडातून "वरचं" निघालं तेव्हा मला हे आकडे ठाऊक होते. अडाणीपणाची सबब मला नाही.

वळणावर कठडा आडवा आला आणि मी मिनिटभर घोळ घातला. खाली त्यानं श्वास कोंडून धरला होता. कोंडलेल्या श्वासानं पोट टणक होतं, कण्याला आधार मिळतो, पण रक्तदाब चढतो. मांड्या थरथरत होत्या. विस्थापन शून्य म्हणून कार्य शून्य, असं मी फळ्यावर हमालाचंच चित्र काढून शिकवत आलो. स्नायूला ते लागू नाही. त्यातले मायोसिनचे आकडे पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दर खेपेला एटीपी हे इंधन खर्च, उष्णता बाहेर. वस्तू जागची हलली नाही तरी माणूस जळतोच. हे वाक्य मी वर्गात कधी जोडलं नाही, परीक्षेत येत नव्हतं म्हणून.

"जराक लवकर पाहा जी," एवढंच तो म्हणाला.

भारानं वाटणी केली तर 400 पैकी 240 त्याचे होते. मी 150 दिले, वर चहा पाजला आणि चहाचंच समाधान जास्त मानलं.

आता मुलाला ते कपाट नागपूरला हवंय. उतरवतानाही खालच्यालाच जड. माझी कंबर 61 वर्षांची. "खालचं मी धरतो" म्हटलं तर नुसतं नाटक होईल. जोडीदार घेऊन या, असं सांगेन. त्याचे राहिलेले 90 रुपये कोणत्या नावाखाली हातावर ठेवायचे, हे मात्र अजून जमलेलं नाही.